अर्धा धागा

अपग्रेडला मी हो म्हटलं ते रात्री,
नळाला कान लावून बसले होते तेव्हा.
पाचव्या दिवसाचं पाणी, येणार अडीचला की तीनला,
आणि पडद्यावरचा प्रश्न इतका नम्र
की नाही म्हणणं उद्धट वाटलं.

सकाळी कारखान्यात, अक्कलकोट रोडला,
पंखा ऊन ढवळत होता.
काळ्या खिडकीत रोजची ओळ लिहिली.
एंटर.
कमांड नॉट फाउंड.

पुन्हा लिहिली, हळू,
बहिऱ्याशी बोलावं तशी.
कमांड नॉट फाउंड.
तोच स्वर. साधा वैतागसुद्धा नाही.

ही ओळ नागेश म्याकल मागे ठेवून गेलेला.
चित्र घ्यायची, भोकं द्यायची,
भोकांची कार्डं, कार्डांची माळ,
माळ जकार्डावर चढली की चादरीत मोर.
नागेश आता हिंजवडीत. मीटिंगमधून कुजबुजला,
"जुनं पायथन गेलं असेल, अक्का. तीन लावून बघा."

तीन लावलं. ते चाळिसाव्या ओळीला अडलं.
प्रिंट म्हणता, कंस कुठाय?
सहा वर्षं नुसतं म्हटलं तरी छापायचं.
आता ओंजळीत घालून द्या म्हणे.
दिलं. एकशे बारा ओंजळी,
एकेक, बोटं घामानं घसरत.

शेठचा मुलगा दारातून : "काय झालं बे?"
हे बे सगळ्यांना सारखंच,
मला, मशीनला, चहावाल्याला.
मागे सात नंबरचा माग गप्प,
आणि गप्प मागाची मजुरी
कुणी देत नाही यल्लप्पाला.
तो नुसता तेलाच्या फडक्यानं
पुसलेलंच पुसत होता.

मग एकशे सहावी ओळ :
पूर्णांक हवा होता, अपूर्णांक मिळाला.
सदतीस हुकांचा मध्य साडेअठरा.
मी राउंड लिहिलं
आणि सगळं शांत.
एक तक्रार नाही. कर्सर लुकलुकत राहिला
काहीच न केल्यासारखा.
कार्डं कापली. डबा उघडला,
कडक भाकरी मोडली शेंगाचटणीत.

मल्लेशम मामा कार्डं शिवायला बसला.
एके काळी तो ही भोकं हातानं पाडायचा,
हातोडी, ठोकणी, एका मोराला चार दिवस.
आता दिसत कमी, म्हणून बोटांनी वाचतो.
बोट थांबलं. मागं गेलं. पुन्हा थांबलं.
"मान मोडलीया मोराची."
मी म्हटलं, एरर तर आली नाही.
"इथं हुक लेदु," तो म्हणाला.
लेदु म्हणजे नाही,
एवढं तेलुगू आमच्याकडे भिंतींनाही येतं.

मोजलं.
अडीचचे दोन केले होते त्यानं,
साडेतीनचे चार,
तीन कुठेच नाही.
अर्ध्यावर आला की हा नवा
सम आकड्याकडे झुकतो, नियमानं, निर्मळ मनानं.
जुना अर्धं टाकून द्यायचा
कुणालाच न विचारता,
आणि आमचे सगळे मोर त्या टाकण्यावर उभे होते
हे मला आज कळलं.

मामाला सांगायला गेले,
भागाकार बदललाय, पूर्वी कसं,
तो म्हणाला, "अर्धा धागा कुठं असतो?
अर्धा म्हणजे तुटलेला."

एका तिरक्या रेघेच्या जागी दोन रेघा दिल्या.
बस. एवढंच.
सकाळपासूनची माझी सगळी कमाई
एक तिरकी रेघ.

साडेचारला सात नंबर सुरू झाला
आणि त्या खटखटीत
कुणालाच कुणाचं काही ऐकू येईना.
बिघडलेली कार्डं रद्दीत टाकायला निघाले
तर मामानं त्यातलं एक काढून घेतलं,
वारा घ्यायला.
भोकाभोकांचं कार्ड, वारा कसला येतोय.
तरी हलवत बसला,
मोडक्या मानेचा मोर
गालाजवळ धरून.